नऊ फुटांचा पडदा

४ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. फोन सोडून पत्र का, ते आधी सांगते. फोनवर तुझं शिलाई मशीन माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतं. मागच्या वेळी मी सांगितलं की माझी भिंत कलली आहे, तर तू म्हणालीस, "शेक घे."

तर भिंत पुठ्ठ्याची आहे आणि ती आता सरळ झाली आहे. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक इमारत आखायची आणि तिचं मॉडेल करायचं, पन्नासाला एक या प्रमाणात. मी लहान मुलांचं वाचनालय घेतलंय. आमच्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नाही. माझ्या पलंगावर छप्पर वाळतंय आणि मैत्रिणीच्या पलंगावर तिचं रुग्णालय आहे, म्हणून आम्ही दोघी जमिनीवर बसून अभ्यास करतो. माझ्या बोटांना इतका गोंद लागलाय की काल दाराची कडी सुटेना.

मॉडेल छान होतंय, माझं मलाच म्हणावं लागतंय. भिंती मी स्वतः कापल्या. कडा बघितल्यास तर तूसुद्धा नावं ठेवणार नाहीस, आणि तू तर सगळ्यांना नावं ठेवतेस. सगळ्यात लाडक्या आहेत त्या खिडक्या. उंचच्या उंच, आणि जमिनीपासून जेमतेम वीतभर वर सुरू होणाऱ्या. त्यांना पडदे हवेत. मी कागदाचे करून बघितले, ते पापडासारखे ताठ उभे राहिले. मला खरं कापड हवं आहे, पातळ, ज्यातून ऊन आत येईल.

तू शिवशील का गं? वर्गात सगळ्यांची मॉडेलं विकतच्या सामानाची असतील. माझ्या मॉडेलवर तुझ्या हातची टीप असेल.

तुझी,
फूटपट्टी


११ जानेवारी

चि. फूटपट्टीस, आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा औषधांच्या दुकानवाल्या काकूंना आणि एकदा ब्लाउज न्यायला आलेल्या शाळेच्या मोठ्या बाईंना. मोठ्या बाई म्हणाल्या, "अक्षर सुधारलंय." त्यांना तेवढंच दिसतं. मी त्यांना म्हटलं, अक्षर सोडा, मुलगी इमारत उभी करतेय.

तू टेबलाखाली बसून चिंध्यांची घरं करायचीस, तेव्हा तुझी आई म्हणायची, हिला अभ्यासाला बसवा. आणि माझी फूटपट्टी घेऊन तू गिऱ्हाइकांचे गुडघे मोजायचीस. तेव्हाच मला कळलं होतं की हे पाणी वेगळं आहे. पण मी बोलले नाही. बोललं की पोरं शेफारतात.

पडद्यांचं विचारतेस ते काय? मी नाही शिवणार तर कोण शिवणार, तो कोपऱ्यावरचा "फॅशन पॉइंट"? त्याला सरळ टीप मारता येत नाही. कापड माझ्याकडे आहे, सायीच्या रंगाचं, उन्हात धरलं तर बोटं दिसतात. मापं पाठव. रंगवून-रंगवून गोष्टी नकोत, आकडे हवेत.

आणि एक सांगते. नमुना म्हणजे काय ते तू मला शिकवू नकोस. आम्हीही महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटावर नमुना शिवून बघतो. नमुना पसंत पडला की खरं कापड टेबलावर येतं. शितावरून भाताची परीक्षा. तेव्हा तो नमुना नीट कर, म्हणजे पुढचं सगळं नीट होईल. मी काकूंना सांगून ठेवलंय की उद्घाटनाला आपण सगळ्या जाऊ. त्यांनी नाक मुरडलं, पण कोणती साडी नेसू हे लगेच विचारलं.

जेवत जा. गोंद खाऊन पोट भरत नाही.

तुझी आत्या


१९ जानेवारी

ती. आत्या,

उद्घाटन वगैरे काकूंना इतक्यात सांगू नकोस. इमारतीचं पुढे बघू, आधी परीक्षा तर होऊ दे.

मापं घे. खिडक्या सहा, सगळ्या सारख्या. उंची नऊ फूट, रुंदी चार फूट. आमच्याकडे कागदावर कायम इमारतीचंच माप लिहायचं असतं, तेच लिहितेय. चुण्या थोड्याच ठेव. खाली पडदा जमिनीला टेकू नये, बोटभर वर राहावा.

काल सरांनी मॉडेल बघितलं. कापणीचं कौतुक केलं, आणि मग पेन्सिलीचं टोक माझ्या खिडकीवर ठेवून म्हणाले, "एवढी उंची कशाला? मुलं असतात तीन फुटांची. पाच फुटांची खिडकी पुष्कळ झाली." मी सांगितलं की मुलं जमिनीवर बसून वाचणार, त्यांना आभाळ दिसायला हवं. ते म्हणाले, "मला तरी इथून तसं काही वाटत नाही." सगळे हसले. मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं.

फार मनावर घेतलं नाही. तूही घेऊ नकोस.

तुझी,
फूटपट्टी


२ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,

मापं मिळाली. बघून माझा जीव भांड्यात पडला. का ते विचारू नकोस.

कापड आणखी मागवलं. एक पडदा आधी शिवून पाठवते. लावून बघ, नीट बसला की उरलेले पाच कापेन. सगळे एकदम कापून ठेवायचे आणि मग अर्धा इंच कमी पडला म्हणून रडत बसायचं, हे आपल्या दुकानात चालत नाही. वर नेफा ठेवलाय, दांडी ओवायला.

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, कापलेलं कापड जोडलं तर जोड दिसतो. खिडकी एकदा लहान केलीस की ती लहानच राहणार. तुला नऊ हवी ना, मग नऊच ठेव. तू मोजताना चुकत नाहीस, हे मी तू सात वर्षांची असल्यापासून बघतेय. हट्टीपणा करतेस, उलट उत्तरं देतेस, भाजी टाकून देतेस, पण मोजताना चुकत नाहीस.

मोठ्या बाई काल पडदा बघून गेल्या. पडदा टेबलावर पसरला तर खाली जमिनीवर लोळायला लागला, म्हणून एक टोक काकूंनी धरलं. त्या म्हणाल्या, "एवढा मोठा?" मी म्हटलं, "भाचीची इमारत आहे. झोपडी नाही." अंगावर मूठभर मांस चढलं गं, खोटं कशाला बोलू.

पडदा कसा पाठवायचा ते बघते. घडी मोडली तर इस्त्री फुकट जाईल.

तुझी आत्या


१२ फेब्रुवारी

ती. आत्या,

तुझं पत्र मैत्रिणीला दिलं आणि मी मॉडेलच्या पायऱ्या चिकटवत होते. तीच मोठ्यानं वाचत होती. भाजीपर्यंत आली आणि हसून हसून तिच्या हातून माझं झाड पडलं. एक फांदी मोडली, तुझ्या नावावर टाकलीय. पुढचं वाचायचंच राहिलं, तेवढ्यात आम्हाला वर्गात बोलावलं.

आता नीट ऐक. मी मागच्या वेळी हसत लिहिलं, पण गोष्ट हसण्यासारखी नाही. सरांनी आज स्पष्ट सांगितलं. एक तर खिडक्या पाच फुटांच्या कर, नाही तर परीक्षेत स्वतःच्या जबाबदारीवर उभी राहा. बाहेरून परीक्षक येणार आहेत. त्यांना पटलं नाही तर वर्ष जाईल. आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एक वर्ष बाबांनी टेम्पोच्या जादा फेऱ्या मारायच्या, हे मला कळतं.

अडचण कुठे आहे ते मला दिसतंय, पण उपाय सुचत नाही. मॉडेलकडे सगळे वरून बघतात, छताला टांगलेल्या पंख्यासारखे. माझी खिडकी तिथे बोटाएवढी आहे. वरून बघणाऱ्याला पाच फुटांची खिडकीही पुरेशी उंच वाटणारच. ती ज्याच्यासाठी आहे तो तिच्या पायाशी, जमिनीवर बसलेला आहे. तिथून ती केवढी दिसते हे मी परीक्षकांना कसं सांगू? तोंडानं सांगून बघितलं, कुणालाच पटलं नाही.

तरी मी नऊच ठेवल्या आहेत. रागावू नकोस, भीती वाटते आहे.

परीक्षा २४ तारखेला. त्याआधी तुझा चिमुकला पडदा आला तर बरं होईल. बघून धीर येईल.

तुझी,
फूटपट्टी


२० फेब्रुवारी

फूटपट्टे,

आशीर्वाद नंतर. आधी हे सांग, बोटाएवढी खिडकी म्हणजे काय? आणि चिमुकला पडदा कुठला?

तुझं पत्र आज सकाळी आलं, आणि पडदा काल गेला. तुझ्या बाबाला त्या बाजूला माल पोचवायचा होता, म्हणून तोच टेम्पोत घेऊन निघालाय, मधे दोन गावं करत. पडदा नऊ फुटांचा आहे. तूच लिहिलंस नऊ फूट. मी तुझं पत्र पुन्हा काढून बघितलं, नऊच आहे, "इमारतीचंच माप" असंही आहे. आमच्याकडे माप म्हणजे माप. गिऱ्हाइकानं छाती छत्तीस सांगितली तर मी छत्तीसच कापते, भागाकार करत नाही.

पन्नासाला एक म्हणजे पन्नास मुलांमागे एक खोली असं मी समजले होते. हस आता.

म्हणजे इमारत नाहीच? नमुना पसंत पडला तरी कुणी बांधणार नाही? मला वाटलं होतं, नमुना असतो म्हणजे मागून खरं येतंच. मी साऱ्या गल्लीला सांगून बसले. काकूंनी साडी काढून इस्त्रीला दिली. बाजारात तुरी म्हणतात तसं झालं. मोठ्या बाई उद्या विचारतील तेव्हा काय तोंड दाखवू?

आणि ऐक, आता लपवत नाही. पहिल्या पत्रावरून मला वाटलं तू नमुन्यासाठी चिमुकले पडदे मागतेस, तेव्हा मला घाम फुटला होता. गेलं वर्षभर बारीक सुईत दोरा ओवता येत नाही मला. काकू ओवून देतात आणि मी म्हणते की नेहमीचा चष्मा घरी राहिला. म्हणून मापं मोठी, खऱ्या इमारतीची आली तेव्हा जीव भांड्यात पडला. मोठं काम मला अजून कुणी शिकवू शकत नाही.

पार्सल उघडू नकोस. तसंच बाबाबरोबर परत पाठव. परीक्षकांसमोर तुझं हसं झालं तर मला सहन व्हायचं नाही. गल्लीत माझं झालं तर होऊ दे, मी निभावून नेईन.

तुझी आत्या


२५ फेब्रुवारी

माझी आत्या,

आता बस, चहा घे आणि मशीन बंद कर. हे पत्र मोठ्यानं वाचायचं असेल तर वाच, पण पहिल्यांदा एकटीनं वाच.

बाबा २३ तारखेला दुपारी आले. तुझं पत्र तोवर मिळालं नव्हतं. खांद्यावर भली मोठी गुंडाळी घेऊन ते वसतिगृहाच्या दारात उभे, आणि म्हणाले, "तुझा पडदा." मला वाटलं आत कुठेतरी छोटी पुडी असेल. उघडत गेले, उघडत गेले, पडदा पलंगावरून खाली उतरला, रुग्णालयावरून गेला आणि दारापर्यंत पोचला. मग मला कळलं. "पन्नासानं भाग" असं तुला लिहायचंच राहिलं, कारण आम्ही एकमेकांना ते कधी लिहीत नाही. मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतल्या मुली आल्या. आणि हसता हसता केव्हा रडायला लागले ते समजलं नाही. सहा पडदे शिवायला निघालेली माझी आत्या, आणि मी तिला साधं इतकंही सांगितलं नव्हतं की हे वाचनालय कुणीच बांधणार नाही.

बाबा तसेच उभे. त्यांना वाटलं पडद्यात काही चुकलं. विचारलं, "लहान पडतोय का?"

मी मान वर करून बघितलं. एक टोक बाबांनी हात उंच करून धरलं होतं, तरी पडदा जमिनीवर लोळत होता. मी पसाऱ्यामुळे खालीच बसले होते. आणि आत्या, तिथून मला माझी खिडकी दिसली. महिनाभर जी सांगता येत नव्हती ती, खरी, नऊ फुटांची.

परीक्षेचं दालन उंच आहे. तिथे नकाशे टांगायला भिंतीला लोखंडी दांडी लावलेली आहे. बाबा रात्री इथेच थांबले आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन त्यांनी स्टुलावर चढून पडदा तिच्यात ओवला. नेफा अगदी बेताचा बसला, तुझाच तो. कड खाली जमिनीपासून बोटभर वर. मागच्या भिंतीत खरीखुरी खिडकी होती, त्यामुळे ऊन पडद्यातून आलं. पुढे टेबलावर माझं मॉडेल. सर आले, पडद्याकडे बघितलं, म्हणाले, "हे काय, नाटक आहे का?" मी म्हटलं, "हो सर, एकच अंक आहे."

(असं मी बोलले. तुझ्याच घरात वाढले आहे ना.)

परीक्षक म्हणजे एक पांढऱ्या केसांच्या बाई. फार बोलत नव्हत्या. माझ्या आधीच्या मुलाला त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तो घामाघूम झाला. माझ्या मॉडेलभोवती त्या सावकाश फिरल्या, वाकल्या, कडा बघितल्या. म्हणाल्या, "कापणी स्वच्छ आहे. पण खिडकी एवढी उंच का?" तोच प्रश्न. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की, बघ, सांगितलं होतं.

मी म्हटलं, "बाई, उत्तर खाली बसून दिसतं. बसता का?"

बाईंनी चपला काढल्या आणि पडद्यापाशी सरळ मांडी घालून बसल्या. मान वर केली. दार उघडं होतं, वारा आला, पडदा फुगला आणि पुन्हा भिंतीला टेकला. त्या बघत राहिल्या. मग सरांना म्हणाल्या, "तुम्हीही या." सर इस्त्रीच्या पँटमध्ये खाली बसले. एकामागून एक बाकीचे बसले. आत्या, सगळा वर्ग तुझ्या पडद्याखाली जमिनीवर बसला होता आणि वर बघत होता. बोलायला मीच एकटी उभी होते, आणि मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

शेवटी बाईंनी विचारलं, "ही खिडकी सुचली कुठून?"

मी खरं सांगितलं. शाळा सुटल्यावर आई-बाबा कामावरून येईपर्यंत मी आत्याच्या दुकानात बसायचे, कापणीच्या टेबलाखाली. समोर दुकानाचं काचेचं दार होतं, उंच, थेट जमिनीपासून वर गेलेलं. मी वाचत असायचे, वर बघितलं की आभाळ, आणि डोक्यावर आत्याची कात्री चालू. जगात माझ्याइतकी चांगली जागा कुणाकडे नाही असं मला वाटायचं. अजून वाटतं. ते वाचनालय दुसरं काही नाही, तुझं दुकानच आहे. फक्त मुलं जास्त आहेत.

मी पास झाले. नुसती पास नाही, वर्गात पहिली. सर स्वतः येऊन म्हणाले, "माझं चुकलं. पाच फुटांत हे झालं नसतं." मॉडेल कॉलेजच्या प्रवेशदालनात वर्षभर ठेवणार आहेत, आणि बाईंनी अट घातली की पडदाही मागे तसाच टांगायचा. खाली पाटी लागणार आहे. रचनाकार म्हणून माझं नाव, आणि पुढच्या ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, "पडदा" म्हणून तुझं. अक्षरं सारखी आहेत का ते मी मोजून घेतलं.

बाबा मागे दारात उभे होते. निकाल त्यांनीही ऐकला. जाताना टेम्पो चालू केला आणि गेटपर्यंत हॉर्न वाजवत गेले. रखवालदार ओरडला, तरी थांबले नाहीत.

तुझं पत्र आज मिळालं, सगळं झाल्यावर. बरंच झालं. आधी मिळालं असतं तर मी तुझं ऐकलं असतं, आणि हात चोळत बसले असते. आता तू माझं ऐक. काकूंना दोरा ओवायला सांगताना चष्म्याचं नाव पुढे करू नकोस, आणि डोळे तपासून घे. आणि त्यांना सांग की इमारत नाही. माझ्यामुळे तुला खाली बघावं लागलं, एवढंच लागून राहिलंय. बाकी माझ्यासाठी आज आभाळ ठेंगणं आहे.

तुझी,
फूटपट्टी


६ मार्च

चि. फूटपट्टीस, अनेक, अनेक आशीर्वाद.

एकटीनं वाचलं. मग डोळे पुसले, मग दुकान उघडलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. सर पँटमध्ये खाली बसले ते काकूंनी दोनदा वाचायला लावलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "पण मग इमारत कुठे आहे?" मी म्हटलं, "मोठ्या बाई, तुम्ही इतकी वर्षं मुलांना शिकवता, ती सगळी एका दिवसात मोठी झाली का?" खाली कुणी बघितलं नाही, मी तर मुळीच नाही. काकूंची साडी वाया जात नाही, आम्ही तिघी पुढच्या आठवड्यात तुमच्या कॉलेजात पाटी बघायला येतोय. तुझा बाबा टेम्पो काढतोय. रखवालदाराला सांगून ठेव.

डोळे दाखवले. चष्मा बदलला. आता बारीक सुईतही दोरा जातो, तेव्हा चिमुकले पडदेही माग हवे तर, भागाकार करून.

एक मात्र राहवलं नाही. काल गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा दुकानाचं दार मोजलं. नऊ फूट नाही गं ते. सातच आहे. मी म्हटलं, मोजताना न चुकणारी पोर इथे कशी चुकली? मग दार ओढून घेतलं, कुणी बघत नाही असं बघितलं, आणि तुझ्या जागी, टेबलाखाली जाऊन बसले. गुडघ्यांनी बराच आरडाओरडा केला. तिथून वर बघितलं.

नऊच आहे. तुझं बरोबर.

तर आता नीट ऐक. कुणी बांधणार नाही असं तू लिहितेस. ते तुला काय माहीत? तू अजून कॉलेजातून बाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. माझ्या दुकानात नमुना पसंत पडला की मी पुढचं कापड कापते, आणि तुझा नमुना पसंत पडला आहे. उरलेले पाच पडदे मी शिवले. इस्त्री करून, घडी घालून वरच्या फळीवर ठेवले आहेत, मधे कडुनिंबाचा पाला घालून, कारण वेळ लागेल हे मलाही कळतं.

माझं काम झालं. इमारतीचं तू बघ.

तुझी आत्या